नाटक आणि जेवण एकाच संध्याकाळी : आधी पोटोबा की आधी नाटकोबा?

रात्रीची_रपेट

आमच्या घरातला हा जुना वाद आहे, मिटत काही नाही, म्हणून म्हटलं धागाच काढावा. आम्ही दोघं जमेल तसं संध्याकाळचं बाहेर पडतो, एक नाटक आणि एक जेवण. मुलं मोठी झालीयेत, त्यांना आमच्याबरोबर यायचं नसतं आणि खरं सांगायचं तर आम्हालाही त्यांना न्यायचं नसतं. तर वाद असा, की जेवायचं नाटकाआधी की नंतर?

नवरा "आधी" पार्टीतला. त्याचं म्हणणं, नाटक सुटेपर्यंत उशीर होतो, मग जिथे जाऊ तिथे वेटर आपल्या डोळ्यांदेखत शेजारच्या टेबलावर खुर्च्या उलट्या घालायला लागतो, मेन्यूकार्डातलं अर्धं "संपलं" असतं आणि रात्री उशिरा जेवून झोपलं की छातीत जळजळ. सगळं खरं आहे.

मी "नंतर" पार्टीतली. भरपेट जेवून ह्या माणसाला मऊ खुर्चीत, गार एसीत आणि काळोखात बसवलं की पहिल्या प्रवेशात मान छातीवर. हे झालं एक कारण. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नाटकाआधी जेवायला बसलो की आम्ही काय बोलतो? गिझर कोणी चालू ठेवला, पाहुणे कधी येणार, धाकट्याच्या परीक्षा. म्हणजे जे घरी बोलतो तेच, फक्त मेणबत्तीच्या उजेडात. आणि सारखं घड्याळाकडे बघायचं ते वेगळंच. नाटकानंतर बसलो की बोलायला तिसराच विषय असतो, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिसरा विषय मिळणं सोपं नाही हो.

तर तुम्ही काय करता? अनुभव लिहा. भांडणही चालेल.

निद्रासेन

मी उपाशीपोटीही झोपतो. दोन्ही पार्ट्या बाद. (दिवे घ्या)

कढईतले_वादळ

मी बरीच वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढली आहेत, आत्ताही तिथेच आहे, म्हणून पडद्याच्या अलीकडची बाजू सांगतो.

नाट्यगृहाजवळच्या रेस्टॉरंटमध्ये प्रयोगाच्या आधीचा दीड तास म्हणजे निव्वळ युद्ध असतं. एरवी गिऱ्हाईक थोडं थोडं येतं, इथे सगळी टेबलं एकाच वेळी भरतात आणि सगळ्यांना एकाच वेळी उठायचं असतं. त्यातले निम्मे लोक वेळेचं सांगतच नाहीत. स्टार्टर चवीने खातात, गप्पा मारतात, आणि मग एकदम "अहो आमचं नाटक आहे, किती वेळ?" तोपर्यंत तुमची केओटी (किचनला येणारी ऑर्डरची चिठ्ठी) खिळ्यावर दहा जणांच्या मागे लागलेली असते. मग वेटरने कितीही हात जोडले तरी किचनला ते चिकन लवकर शिजवता येत नाही.

तेव्हा बसल्या बसल्या, पाणी यायच्या आधी सांगा, "आम्हाला अमुक वाजता उठायचंय." चांगला कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुख्य, हे केओटीवर लिहितो आणि आत ओरडून पण सांगतो. सगळी ऑर्डर एकदमच द्या. बिल मेन कोर्सबरोबरच मागवा, त्यात कमीपणा काही नाही, उलट आम्हाला बरं वाटतं.

आणि एक गंमत, लोकांना वाटतं साधं काहीतरी ग्रिल केलेलं मागवलं की पटकन येईल. उलट आहे. तासन्‌तास मंद आचेवर शिजणारे पदार्थ दुपारीच तयार असतात, ते फक्त गरम करून ताटात घालायचे. ग्रिलचं मात्र तुमची ऑर्डर आल्यावरच विस्तवावर चढतं आणि त्याला लागायचा तेवढा वेळ लागतोच. घाई असेल तर रस्सा मागवा, तुकडा मागवू नका.

नाटकानंतर जाणार असाल तर फोनवर "कितीला बंद होतं" विचारू नका. दार उघडं असतं तेव्हा किचन कधीच पुसायला घेतलेलं असतं. "शेवटची ऑर्डर कितीला घेता" असं विचारा. ह्या दोन वेळांमध्ये चांगला अर्धा-पाऊण तास जातो आणि तुमच्या नवऱ्याला दिसणाऱ्या त्या उलट्या खुर्च्या त्याच पाऊण तासातल्या.

रात्रीची_रपेट

वाह, रस्सा मागवा तुकडा मागवू नका, हे फ्रीजवर लिहून लावते. कढईतले_वादळ, मधला काही मार्ग आहे का हो? म्हणजे अर्धं आधी अर्धं नंतर?

कढईतले_वादळ

आहे की. आधी मेन कोर्स खाऊन जायचं आणि नाटक सुटल्यावर गोड आणि कॉफीला परत यायचं. बऱ्याच ठिकाणी हसत हसत हो म्हणतात, कारण उशिरा येणाऱ्यासाठी गॅस पेटवावा लागत नाही, गोडाचं सगळं फ्रीजमध्ये तयार असतं. फक्त जाताना सांगून जा.

जोडगोळी२

आम्ही दोघं हेच करतो! पण उलट. आधी सूप आणि ब्रेड वगैरे, नंतर जेवण. पोट रिकामं नसतं म्हणून पोटातनं गुरगुर येत नाही (शांत नाटकात ही गुरगुर तीन रांगांपर्यंत जाते, अनुभव आहे) आणि झोपही येत नाही.

विंगेतून

लाईट ऑपरेट करतो, म्हणजे प्रेक्षकांच्या डोक्यामागे उंचावर एका खोलीत बसून नाटकापेक्षा प्रेक्षकच जास्त बघतो. तुमच्या "आधी जेवणाऱ्या" मंडळींविषयी माझं गाऱ्हाणं एकच आहे, उशिरा येणं.

तिसरी घंटा झाली, हॉल काळा झाला, पहिलं वाक्य पडलं, आणि तेवढ्यात मागचं दार उघडतं. त्या एका फटीतून बाहेरच्या पॅसेजमधला ट्यूबलाईटचा पट्टा थेट स्टेजपर्यंत येतो. मी दोन दिवस बसून बांधलेला पहाटेचा लाईट तिथे संपला. आमच्याकडे एक जुना डोअरकीपर होता, तो टॉर्च पेटवून काचेवर स्वतःची बोटं अशी धरायचा की उजेड बोटांमधून नुसता लालसर गळायचा, पायरीपुरता. त्या उजेडात तो लोकांना वाकून वाकून जागेवर न्यायचा आणि मला वरून फक्त एक लाल ठिपका जिना उतरताना दिसायचा. आता प्रत्येक जण मोबाईलचा फ्लॅश पेटवून रांग शोधतो, समोरच्याच्या डोळ्यात मारतो, आणि सापडल्यावर बायकोला हाक मारून सांगतो, इकडे इकडे.

उशीर झालाच तर दारापाशी उभं राहा, प्रवेश बदलताना ब्लॅकआऊट होतो किंवा टाळी पडते तेव्हा आत या. मागे एखादी खुर्ची रिकामी असेल तर मध्यंतरापर्यंत तिथेच बसा. काही नाट्यगृहांत नियमच असतो, उशिरा आलेल्याला ठरलेल्या क्षणीच आत सोडतात, त्यावर लोक दाराशी भांडतात तेही मला वर ऐकू येतं.

जुनं_ते_सोनं

विंगेतून, तुमच्या काळोखाचा आदर आहे, पण हा काळोख मुळात नवीन आहे हो. शेकडो वर्षं लोक उजेडात बसून, खात-पीत, एकमेकांना बघत नाटकं बघत होते. लंडनला रोझ थिएटर होतं, १५८७ चं, १९८९ मध्ये त्याच्या पायाचं उत्खनन झालं तेव्हा तिथे हेझलनटची टरफलं आणि शिंपल्यांचे अवशेष सापडले. म्हणजे उभ्याने नाटक बघायचं आणि बहुधा खाऊन टरफलं पायाखाली टाकायची. जपानमध्ये काबुकीचे, म्हणजे तिथल्या पारंपरिक नाटकाचे, खेळ सकाळी सुरू होऊन दिवसभर चालायचे, शेजारीच चहाघरं असत, तीच तुमची जागा धरून ठेवायची, बसायला उशी द्यायची, दोन अंकांच्या मधे जेवण आणून द्यायची. मकुनोउची नावाचा जो जपानी डबा आजही मिळतो तो त्याच मध्यंतरात खायच्या जेवणातून आला. तेव्हा आधी की नंतर हा वादच नव्हता, जेवण नाटकाच्या पोटातच होतं!

विंगेतून

मान्य, पण रोझला खेळ दुपारी, भर उन्हात, वर छत नसलेल्या अंगणात. तिथे टरफलाचा आवाज कोणाला येणार. काळोख आला तो मागाहून, १८७६ ला संगीतकार वाग्नरने जर्मनीत बायरॉइटला स्वतःचं थिएटर उघडलं तेव्हा प्रेक्षागृह जवळजवळ पूर्ण काळं केलं आणि लोकांना धक्काच बसला, कारण अर्धे लोक एकमेकांचे कपडे बघायलाच येत. मग पाच वर्षांनी, १८८१ ला लंडनचं सॅव्हॉय थिएटर सगळंच्या सगळं विजेच्या दिव्यांवर आलं आणि हळूहळू सगळीकडे दिवे हवे तसे कमी-जास्त करणं सोपं झालं. आता एकदा काळोख केला ना, की कान तीक्ष्ण होतात माणसाचे. म्हणूनच वेफर्सच्या पाकिटाचा आवाज आला की खून करावासा वाटतो. आणि पाकीट हळूहळू फोडणारे तर जास्त वाईट. फोडायचंच असेल तर एका झटक्यात फोडा आणि मोकळे व्हा!!

निद्रासेन

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कुठे खाऊ ते मात्र विचारू नका.

नवाकोरा_संसार

लग्नाला थोडेच महिने झालेत. मला नाटकाचं वेड आहे, बायकोला अजिबात नाही, ती मागच्या खेपेला माझ्यासाठी आली आणि मध्यंतरात इतक्या आशेने विचारलं "संपलं?" की मला तिची दया आली. आता पुढच्या वेळी काय करू? एकट्याने जाऊ? की तिला हळूहळू गोडी लागेल असं नाटक असतं काही?

हिशेबी

आमच्याकडे करार आहे. नाटक मी निवडायचं, हॉटेल तिने. एकाने दुसऱ्याच्या निवडीवर नाक मुरडायचं नाही. पुढच्या वेळी अदलाबदल. तिने निवडलेलं पहिलं नाटक मला कधीच सुचलं नसतं आणि मी निवडलेलं हॉटेल तिला अजून डाचतंय, पण करार तो करार.

चष्मेबद्दूर_काकू

नवाकोरा, तू एक कर रे बाबा, मोठं तीन अंकी गंभीर काहीतरी नको नेऊ तिला. तासा-दीड तासाची, मध्यंतर नसलेली नाटकं असतात आता, छोट्या हॉलमध्ये, नट हाताच्या अंतरावर. लांबून बघताना ज्याला कंटाळा येतो त्याला जवळून कंटाळा येत नाही, कारण घाम दिसतो, श्वास ऐकू येतो. आणि विनोदीच हवं असं काही नाही. माझ्या सुनेला रहस्यनाट्याने लावलं वेड. आणि हो, पुढे बसव पण एकदम पहिल्या रांगेत नको, तिथे मान वर करून करून दुखते आणि नुसते पाय दिसतात लोकांचे.

मध्यंतरवीर

मुळात आवडलं नाही तर मध्यंतरात उठून जेवायला जायचं, इतकं काय त्यात. संध्याकाळ वाचते. आम्ही दोघांनी हे उघडपणे ठरवलंय, कोणी एकाने डोळ्याने खूण केली की दुसऱ्याने वाद न घालता पर्स उचलायची.

चष्मेबद्दूर_काकू

अरे पण कलाकारांचा अपमान नाही का तो?

विंगेतून

काकू, मध्यंतरात गेलेला माणूस सभ्य. नटांना कळतं, दुसऱ्या अंकाला पडदा उघडला की ते रिकाम्या खुर्च्या बरोबर टिपतात, थोडं लागतं, पण त्याचा राग कोणी धरत नाही. चालू प्रवेशात, मधल्या रांगेतून, बारा जणांच्या गुडघ्यांवरून जाणारा मात्र लक्षात राहतो. पण मध्यंतरवीर, एक सांगू का, बरीच नाटकं पहिल्या अंकात नुसती मांडामांड करतात आणि दुसऱ्यात सुटतात. तुम्ही कायम मांडामांड बघून घरी जाताय.

मध्यंतरवीर

आणि तुम्ही कायम फुकट बघताय म्हणून सांगताय :)

आजीची_पर्स

एवढ्या तरुण मंडळींत आम्ही म्हातारे पण लिहितो. आमच्या ह्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, यंत्र आहे. मधली काही वर्षं आम्ही नाटक सोडूनच दिलं होतं, कारण ह्यांना नुसती हालचाल दिसायची, शब्द नाही, मग मी कानात सांगायची, मग पुढचे वळून बघायचे, मग हे ओशाळायचे आणि गप्प बसून राहायचे. ते गप्प बसणं मला बघवेना.

मग कान तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी सांगितलं की काही नाट्यगृहांत जमिनीखालून किंवा भिंतीतून एक तारेचं वेटोळं फिरवलेलं असतं, इंडक्शन लूप, त्यातून स्टेजवरच्या माईकचा आवाज चुंबकीय लहरींनी थेट यंत्रात येतो, यंत्रावर टी-कॉईल म्हणून एक सेटिंग असतं ते चालू करायचं. मधला हॉल, खोकला, खुर्च्या हे सगळं वगळून नट जणू कानातच बोलतो. ह्यांच्या यंत्रात ते टी-कॉईल पहिल्यापासून होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता! तेव्हा कोणाच्या घरी यंत्र असेल तर आजच विचारा. सगळीकडे लूप नसतं, तिकीट काढायच्या आधी फोन करून विचारावं लागतं, आणि असलं तरी हॉलच्या प्रत्येक कोपऱ्यात सारखं चालत नाही, कुठे बसलं तर उत्तम ते तिथल्याच लोकांना विचारायचं. काही ठिकाणी एखाद्या प्रयोगाला संवाद पाटीवर लिहून येतात, तेही छान, पण त्यात विनोद आधी वाचून होतो आणि हे सगळ्यांच्या आधी हसतात, त्याची मला फार मजा वाटते.

आता जेवणाचं. आमचं उत्तर तिसरंच. दुपारचा खेळ बघायचा आणि बाहेर पडून सरळ जेवायला, संध्याकाळ व्हायच्या सुमारास. तेव्हा रेस्टॉरंट जवळजवळ रिकामं असतं आणि ते आमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे, कारण यंत्र लावणाऱ्या माणसाचे खरे हाल नाटकात नाही, हॉटेलात होतात. हल्ली सगळीकडे फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या, छत उंच, पडदे नाहीत, टेबलक्लॉथ नाही, आवाज नुसता आपटत राहतो. त्यात संगीत. मग शेजारचे आवाज चढवतात, म्हणून तुम्ही चढवता, म्हणून ते आणखी चढवतात, ह्याला लोम्बार्ड इफेक्ट म्हणतात असं बाईंनीच सांगितलं. म्हणून आम्ही कोपऱ्यातलं टेबल मागतो, किचनच्या दारापासून आणि स्पीकरपासून लांब. ह्यांची पाठ भिंतीला, म्हणजे मागून येणारा आवाज बंद, आणि मी समोर न बसता काटकोनात, ह्यांच्या उजव्या हाताला, कारण उजवा कान त्यातल्या त्यात बरा. आधी मला ते विचित्र वाटायचं, समोरासमोर बसायचं सोडून हे काय. आता सवय झाली, शिवाय त्यांच्या ताटातलं उचलता येतं.

कोपऱ्यातलं_टेबल

आजी, दंडवत. बाबांचं यंत्र आहे, उद्याच टी-कॉईल बघतो. आयडी बदलून आजीचंच_टेबल करावा म्हणतो.

जोडगोळी२

आजींच्या प्रतिसादाची वाखु (वाचनखूण) साठवली.

हिशेबी

काटकोनात बसण्याला आमचंही अनुमोदन, आमचे कान ठीक आहेत तरीही. समोरासमोर बसलं की इंटरव्ह्यू वाटतो.

खर्चावर कोणी काही बोललं नाही म्हणून लिहितो. नाटक आणि जेवण दोन्ही थाटात करायचं म्हटलं की माणूस वर्षातून एकदाच बाहेर पडतो. आम्ही एका वेळी एकच गोष्ट भारी करतो. चांगल्या जागेची तिकिटं असतील तर जेवण साधं, कुठेतरी उभ्याने. जेवण थाटाचं असेल तर वरची बाल्कनी. बाल्कनीला लोक उगाच नाकं मुरडतात, नाच असलेलं काही असेल तर वरून पहिल्या रांगेतनं त्याची नक्षी दिसते, खाली बसलेल्याला ती कधीच दिसत नाही. आठवड्याच्या मधल्या वारी जा, गर्दी कमी. औपचारिक सुरुवातीच्या आधीचे प्रीव्ह्यू प्रयोग बरेचदा स्वस्त असतात, थोडं कच्चं असतं पण नट ताजे असतात. ज्यांना आयत्या वेळी ठरवायला चालतं त्यांच्यासाठी मोठ्या शहरांत त्याच दिवशीची उरलेली तिकिटं सवलतीत मिळतात, न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरमध्ये तर १९७३ पासून त्यासाठी वेगळी खिडकीच आहे. पण तिथे "हेच नाटक हवं" असा हट्ट धरून जायचं नाही, जे मिळेल ते, आणि ह्याच्यामुळे आम्ही काही अफाट गोष्टी बघितल्यात आणि काही अफाट वाईट पण.

मौनव्रत

मला कळत नाही नाटकावर एवढं बोलायचं काय असतं. आम्ही दोघं नाटक बघतो, नंतर जेवतो, जेवताना जेवणाबद्दल बोलतो, आणि घरी येतो. संसार उत्तम चालू आहे.

रात्रीची_रपेट

मौनव्रत, तुमचा हेवा वाटतो खरंच. पण आमचं कसं होतं ते सांगते, म्हणजे मी "नंतर"ला का चिकटून बसलेय ते कळेल.

मागे आम्ही एक नाटक बघितलं, दोनच पात्रं, नवरा-बायको, शेवटच्या प्रवेशात ती घर सोडून जाते. बॅग घेते, दारात थांबते, जाते, अंधार. मी रडले बिडले. बाहेर पडलो, आमचा एक अलिखित नियम आहे की नाट्यगृह ते हॉटेल ह्या अंतरात कोणी "कसं वाटलं" विचारायचं नाही, नुसतं चालायचं, कारण लगेच विचारलं की "छान होतं" एवढंच निघतं तोंडातून. जेवायला बसलो, ऑर्डर दिली, आणि मी म्हटलं बिचारा आता एकटा राहणार. तर नवरा म्हणाला, एकटा कशाला, ती येणार आहे की परत. मी म्हटलं कशावरून? म्हणे, जाताना तिने खिळ्यावरची चावी घेतली ना.

मी चावी बघितलीच नव्हती! माझ्यापुढे एक उंच माणूस बसला होता आणि त्याच्या डोक्याआड तो दरवाजाशेजारचा खिळा बरोबर लपला होता. म्हणजे शेजारी शेजारी बसून आम्ही दोन वेगळी नाटकं बघितली, माझ्या नाटकात ती कायमची गेली आणि ह्याच्या नाटकात ती भाजी आणायला गेल्यासारखी. त्यावरून मग जे सुरू झालं! चावी घेतली म्हणजे परत येणार असं थोडंच आहे, सवयीने घेतली असेल. नाही म्हणे, सवयीने घेतली असती तर थांबली नसती. मग मी म्हटलं थांबली ती चावीसाठी की त्याच्यासाठी? सूप थंड झालं. आणि बोलता बोलता विषय कधी आमच्यावर आला कळलंच नाही, मी एकदा रागाने माहेरी गेले होते तेव्हा चावी बरोबर नेली होती का ठेवली होती ह्यावर. ती मी नेली होती. त्याला तेव्हाच माहीत होतं म्हणे, आणि म्हणून तो पहिल्या दिवशी फोन न करता निवांत होता. मी तेव्हा त्यावरून किती रडले होते, आणि हा माणूस चावीचा रिकामा खिळा बघून झोपायला गेला!

आता सांगा, हे जेवण नाटकाआधी कसं झालं असतं?

चष्मेबद्दूर_काकू

अगं बाई. चहा गार झाला माझा वाचताना.

विंगेतून

रपेटताई, ती चावी दिग्दर्शकाची झोप उडवते बघा. एवढीशी वस्तू, शेवटच्या रांगेला दिसायला हवी पण ओरडून सांगितल्यासारखी वाटता कामा नये. अशा वेळी आम्ही त्या खिळ्यावर आधीपासून एक अगदी पुसट स्पॉट ठेवतो, कळणार नाही इतका, आणि ती चावी उचलते तेव्हा बाकीचा लाईट हळूच उतरवतो म्हणजे डोळा आपोआप तिकडे जातो. पण उंच माणसाच्या डोक्यावर आमच्याकडे इलाज नाही. बाजूच्या टोकाच्या खुर्च्या स्वस्त असतात त्याचं कारण पण हेच, तिथून स्टेजचा एक कोपरा कापला जातो आणि नेमकं महत्त्वाचं तिथेच घडतं. नवीन हॉलमध्ये जाणार असाल तर मधल्या भागात, पुढून साधारण एक तृतीयांश सोडून मागे, तिथे नटाच्या चेहऱ्याची नस पण दिसते आणि पूर्ण चौकटही.

मौनव्रत

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली आपल्याकडे दाराला नंबरचं कुलूप आहे. विषय संपला.

निद्रासेन

मौनव्रत =)) =))

नवाकोरा_संसार

रपेटताई, हे बायकोला वाचायला दिलं, तिचं म्हणणं असं चावीबिवी असलेलं नाटक असेल तर येईन. काकूंनी सांगितल्याप्रमाणे छोट्या हॉलमधलं एक सापडलंय. पण अडचण अशी झालीये की शेजारशेजारच्या दोन जागा नाहीत, एक डावीकडे आहे आणि एक उजवीकडे दोन रांगा मागे. घेऊ का? का पुढच्या प्रयोगाची वाट बघू? पहिलीच वेळ आहे तिची स्वतःहून यायची म्हणून विचारतोय.

हिशेबी

तिचं मन आहे तोवर घे. पुढच्या प्रयोगापर्यंत काय होईल कोण सांगतो.

जोडगोळी२

नको नको, अंधारात एकटी बसवणार तिला? कंटाळली तर कोणाकडे बघेल?

आजीची_पर्स

घे रे. मध्यंतर असेल तर मध्यंतरात जागा बदला, तिला तुझं दिसेल तुला तिचं. नंतर जेवताना आधी तिला बोलू दे, तू नाटकाचा वेडा म्हणजे लगेच समजावून सांगायला लागशील. आणि टेबल आत्ताच सांगून ठेव, दोन माणसं आणि कोपरा.

कढईतले_वादळ

आणि शेवटची ऑर्डर कितीला ते विचार.

नवाकोरा_संसार

घेतली दोन्ही तिकिटं. मध्यंतर नाहीये, विचारलं. ती म्हणते उजवीकडची मागची तिला हवी, तिकडून माझं डोकं दिसेल म्हणे. हॉटेलला फोन लावलाय, होल्डवर ठेवलंय अजून.